गॅरेजच्या कॉम्प्रेसरवर एअरब्रश चालवताना: पावसाळा, पाणी आणि तेल

बेळगाव जिल्ह्यातील खानापूर तालुक्यातल्या एका तरुण मूर्तिकाराने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या अण्णांचे दुचाकी दुरुस्तीचे गॅरेज असून तेथे २ एचपीचा, १०० लिटर टाकीचा, तेलावर चालणारा पिस्टन कॉम्प्रेसर आहे. गॅरेज बंद झाल्यावर संध्याकाळी ते त्याच हवेवर ०.३ मिमी सुईचा एअरब्रश लावून शाडूच्या गणेशमूर्तींचे शेडिंग करतात. मार्च-एप्रिलमध्ये केलेले नमुने चांगले आले, पण जुलै लागल्यापासून काम सुरू करून पंधरा-वीस मिनिटे होतात न होतात तोच ब्रशमधून पाण्याचे थेंब उडतात, आणि काही ठिकाणी रंग गोल गोल फाटतो. टाकीच्या तोंडाशी फिल्टर बसवूनही फरक पडला नाही. असा मोठा कॉम्प्रेसर एअरब्रशला चालतच नाही, वेगळा छोटा घ्या, असे त्यांना दुकानदाराने सांगितले आहे. ते खरे आहे का?

माझे मत असे की कॉम्प्रेसर बदलण्याची गरज नाही. आपल्याकडे असलेले यंत्र या कामाला पुरून उरणारे आहे, आणि हवा कोरडी ठेवण्याच्या बाबतीत तर ते छोट्या कॉम्प्रेसरपेक्षा सरस ठरू शकते. बिघाड टाकी आणि ब्रश यांच्या मधल्या मांडणीत आहे.

प्रथम हवेच्या मागणीचा हिशेब पाहू. ०.३ मिमीचा एअरब्रश दीड-दोन किलो (म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला तेवढे किलो) दाबावर मिनिटाला साधारण १५ लिटर मोकळी, म्हणजे न दाबलेली, हवा खातो, तर २ एचपीचा कॉम्प्रेसर मिनिटाला १५० ते २०० लिटर हवा सहज देतो. गॅरेजच्या कॉम्प्रेसरचा स्विच बहुधा ८ किलोला बंद आणि ६ किलोला चालू होतो. १०० लिटरच्या टाकीत या २ किलोंच्या फरकात सुमारे २०० लिटर मोकळी हवा मावते, म्हणजे एकदा टाकी भरली की तेरा-चौदा मिनिटे मोटर सुरूही होत नाही. वीज गेली तरी ८ किलोपासून २ किलोपर्यंत उतरेतो सुमारे चाळीस मिनिटांचे काम टाकीतल्या हवेवर होते, आणि सणाच्या तोंडावर ही सोय लहान नव्हे. बेस कोटच्या स्प्रे गनचे गणित मात्र वेगळे आहे. ती एअरब्रशच्या कितीतरी पट हवा ओढते आणि तिच्यापुढे हाच कॉम्प्रेसर धापा टाकू लागतो, म्हणून गनचे आणि ब्रशचे काम एकाच वेळी एका टाकीवर घेऊ नये.

आता पाण्याकडे वळू. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे तापमान २३ अंशांच्या आसपास आणि आर्द्रता ९० टक्क्यांच्या घरात असते. कणकुंबी-जांबोटीच्या बाजूला तर दिवसचे दिवस ती त्याहून कमी होत नाही. अशा १००० लिटर हवेत सुमारे १८ ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. ती हवा ८ किलोपर्यंत दाबली की (काट्यावरचे ८ आणि वातावरणाचा १ धरून) तिचे आकारमान नवव्या हिश्श्याइतके होते, आणि थंड झाल्यावर तेवढ्या जागेत दोन-सव्वादोन ग्रॅमपेक्षा जास्त वाफ राहू शकत नाही. उरलेले सुमारे १६ ग्रॅम पाणी बनून खाली बसते. नुसत्या एअरब्रशसाठी पाच तास हवा वापरली तरी सत्तर मिलिलिटरच्या आसपास पाणी सुटते. गॅरेजमध्ये मात्र दिवसभर टायर भरणे, साफसफाई, कार्बोरेटरला हवा मारणे चालू असते. या सगळ्यात मोटर एकूण दोन तास चालली, तर टाकीत तीनशे ते चारशे मिलिलिटर पाणी जमते. मार्चमध्ये हाच हिशेब फार खाली येतो, आणि आपले नमुने तेव्हा चांगले आले त्याचे कारण तेच आहे. कोरड्या हवेच्या अथणीकडील एखाद्या चित्रकाराने 'मला कधी फिल्टर लागला नाही' असे सांगितले तर ते खोटे मानू नये. त्याची हवाच निराळी आहे.

यातला पहिला उपाय फुकटचा आहे. टाकीच्या तळाशी ड्रेन कॉक असतो. तो रोज संध्याकाळी ब्रश लावण्यापूर्वी, टाकीत दाब असतानाच, थोडा उघडून सगळे पाणी जाऊ द्यावे. बहुतेक गॅरेजांत हा कॉक वर्षानुवर्षे उघडलेला नसतो आणि गंजून घट्ट बसलेला असतो. तसा असेल तर दाब पूर्ण उतरवून, प्लग काढून नवा बॉल व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. बाहेर येणाऱ्या पाण्याच्या रंगावरून बरेच कळते. तांबूस-तपकिरी पाणी म्हणजे टाकी आतून गंजते आहे. दुधासारखे पांढरट पाणी म्हणजे त्यात तेल मिसळते आहे, आणि त्याकडे पुढे वेगळे येतो. हे पाणी गटारात न सोडता जुन्या ऑइलच्या डब्यात जमा करावे.

पाणी काढूनही थेंब येत असतील तर दुसरे कारण पाहावे लागते, आणि माझ्या समजुतीप्रमाणे आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर तिथेच आहे. आपण काम संध्याकाळी करता, म्हणजे कॉम्प्रेसर दिवसभर चालून टाकी गरम झालेली असते. समजा टाकीतली हवा ५० अंशांवर आहे. या तापमानाला दर घनमीटर दाबलेली हवा ८३ ग्रॅम वाफ धरून ठेवते. ती वाफ थेंब नव्हे, म्हणून टाकीच्या तोंडाशी बसवलेल्या फिल्टरमधून ती निवांत निघून जाते. फिल्टर पाण्याचा थेंब अडवतो, वाफ अडवत नाही. पुढे रेग्युलेटरने दाब २ किलोवर आणला की हवा फुगते आणि त्याच जागेत सुमारे २८ ग्रॅम वाफ उरते. पण बाहेरची नळी २३ अंशांवर आहे आणि तिथे २०-२१ ग्रॅमपेक्षा जास्त वाफ टिकत नाही. फरकाचे सात ग्रॅम पाणी नळीच्या आतल्या भिंतीवर धरते. वीस मिनिटांच्या कामात हे पाणी पाऊण ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चौदा-पंधरा थेंब होते. ते नळीच्या खोलगट भागात साठतात आणि आपण ट्रिगर जोरात दाबला की एकदम ब्रशमध्ये येतात. सुरुवातीची काही मिनिटे सुखाची आणि मग अचानक थेंब, असे जे आपल्याला दिसते त्याचा उलगडा हा असा आहे.

हेच गणित थंड टाकीला लावून पाहा. टाकी २५ अंशांवर असेल तर तिथली हवा घनमीटरमागे फक्त २३ ग्रॅम वाफ धरते, आणि २ किलोवर उतरवल्यावर ती आठ ग्रॅमच्याही खाली जाते. बाहेर धो धो पाऊस असला तरी ब्रशमधून येणारी ही हवा ४० टक्के आर्द्रतेहून कोरडी असते. जास्त दाबाला हवा थंड करायची, तिथेच पाणी गाळून टाकायचे आणि मग दाब उतरवायचा, एवढा एकच क्रम पाळला तर पावसाळ्यातही वेगळा ड्रायर लागत नाही. छोट्या एअरब्रश कॉम्प्रेसरला हे साधत नाही, कारण तो मुळातच तीन-चार किलोंपलीकडे हवा दाबत नाही. दाबण्यातच कमी पाणी गळते, म्हणून उतरवल्यावर मिळणारी कोरडेपणाची सूटही कमी असते.

तेव्हा मांडणी अशी करावी. टाकीच्या व्हॉल्व्हपासून थेट ८ ते १० मीटर लांबीची लाइन काढावी आणि तिच्यात पूर्ण ८ किलो दाब राहू द्यावा. जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप असेल तर उत्तम. नसेल तर १० किंवा १२ मिमीची, दाबाची पीयू (पॉलियुरेथेन) ट्यूब चालते. पाण्याच्या कामाचा पीव्हीसी पाइप मात्र हवेला कधीही वापरू नये. दाबलेल्या हवेने तो फुटला तर काचेसारखे तुकडे उडतात. लाइन टाकीकडे उतरती ठेवावी, म्हणजे सुटलेले पाणी टाकीत परत जाते, आणि जिथे ती खाली वळते तिथे वीतभर नळी खाली सोडून तिच्या टोकाला कॉक बसवावा. जड थेंब तिथे साठतील. त्यानंतर, कामाच्या जागेजवळ, पारदर्शक वाटी असलेला फिल्टर-रेग्युलेटर बसवावा. या जोडयंत्रात हवा आधी गाळली जाते आणि मग दाब उतरतो, म्हणजे क्रम आपोआप बरोबर राहतो. आपला फिल्टर निकामी नाही, त्याची जागा चुकली आहे. तोच तिथून काढून लाइनच्या दुसऱ्या टोकाला लावला तरी निम्म्याहून अधिक त्रास संपेल.

जागा कमी असेल तर वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणाऱ्यांकडे मिळणारी तांब्याची नळी दहा-बारा वेढे देऊन पाण्याच्या बादलीत बुडवावी आणि फिल्टर तिच्यानंतर, ब्रशच्या बाजूला ठेवावा. आपल्या भागात पावसाळ्यात नळाचे पाणीच इतके गार असते की बर्फाची गरज पडत नाही. वेढे मात्र एकसारखे उतरते असावेत, नाहीतर पाणी मध्येच अडकते. हेही जमत नसेल तर अगदी साधी शिस्त पाळावी: गॅरेज बंद झाले की टाकी ८ किलोपर्यंत भरून स्विच बंद करावा, तासभर थांबावे, पाणी सोडावे, आणि मग ब्रश हाती घ्यावा. सकाळी गॅरेज उघडण्याआधी काम करता आले तर त्याहून चांगले, कारण रात्रभरात टाकी पूर्ण थंड झालेली असते.

सिलिका जेलच्या डबीचा सल्ला अनेकजण देतात. ती शेवटी, रेग्युलेटरनंतर बसवली तर उपयोग होतो. फिल्टरच्या आधी बसवली तर तिच्यावर थेट पाणी पडून ती दोन दिवसांत भिजून जाते, आणि पावसाळ्यात दाणे उन्हात वाळवायला ऊन कुठून आणणार? वरचा क्रम पाळला तर ती लागणारच नाही. ब्रशच्या बुडाशी बसणारा अंगठ्याएवढा ट्रॅप मात्र घ्यावा. स्वस्त असतो आणि चुकूनमाकून आलेला एखादा थेंब तो थोपवतो.

आता रंग गोल फाटण्याविषयी. तो पाण्याचा दोष नव्हे. पाण्याचा थेंब रंगाला ओघळ आणतो किंवा फिका डाग पाडतो. मध्ये खोल, कडेला उंचवटा आणि तळाशी खालचा थर उघडा दिसणारे वर्तुळ तेलाने किंवा सिलिकॉनने पडते. खात्री करायची असेल तर ब्रशची सुई आणि रंग काढून ठेवावा आणि नुसती हवा कोऱ्या पांढऱ्या कागदावर, चार बोटे अंतरावरून, दोन मिनिटे एकाच जागी मारावी. नंतर कागद तसाच सुकू द्यावा आणि उजेडासमोर धरावा. पाण्याचा डाग वाळून जातो आणि कागद थोडा चुरमडलेला राहतो. तेलाचा ठिपका वाळत नाही. तेवढा भाग पारदर्शक दिसत राहतो. एखादा बारीक ठिपकाही दिसला तरी ती हवा मूर्तीच्या चेहऱ्यावर मारण्याजोगी नाही असे समजावे.

तेल येण्याची कारणे गॅरेजमध्ये एकाहून अधिक असतात. अण्णा नट सोडवायला न्यूमॅटिक गन वापरत असतील तर लाइनवर एफआरएल (फिल्टर, रेग्युलेटर, ल्युब्रिकेटर) संच असण्याची शक्यता आहे. त्यातील शेवटची वाटी हत्याराला वंगण मिळावे म्हणून मुद्दाम हवेत तेल सोडते. रंगकामाची लाइन तिच्या आधीच वेगळी काढली पाहिजे, आणि ज्या नळीतून एकदा तेलकट हवा गेली ती नळी धुऊनही रंगाला घेऊ नये; नवी घ्यावी. दुसरे कारण कॉम्प्रेसरच्या पंपात. तेल काचेच्या खुणेच्या वर भरलेले असेल किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्या असतील तर तेलाचे धुके टाकीत जाते. हाताशी असते म्हणून गाडीचे इंजिन ऑइलच पंपात ओतण्याची पद्धत सर्रास आहे. त्या तेलातील डिटर्जंट पाणी धरून ठेवतो, व्हॉल्व्हवर काजळी साचते, आणि ड्रेनमधून ते दुधी पाणी येऊ लागते. पंपाला कॉम्प्रेसर ऑइलच घालावे, खुणेच्या मध्यापर्यंतच घालावे. एवढे करूनही कागदावर ठिपका उमटत असेल तर साध्या फिल्टरच्या पुढे ०.०१ मायक्रॉनचा कोअलेसिंग फिल्टर लावावा. तो तेलाचे धुके पकडतो, पण त्याच्यावर पाण्याचा मारा झाला तर लवकर चोंदतो. म्हणून आधी साधा ५ मायक्रॉनचा फिल्टर हवाच. आणि या वाट्या थिनरने कधी पुसू नयेत. पॉलिकार्बोनेटला थिनर लागला की बारीक तडे जातात आणि दाबाखाली वाटी फुटू शकते. साबणाचे पाणी पुरते.

तिसरे कारण कोणाच्या सहसा ध्यानात येत नाही. सीट आणि टायर चमकवायला गॅरेजमध्ये जो सिलिकॉनचा स्प्रे मारतात त्याचे कण हवेत तरंगतात, कॉम्प्रेसर ते आत ओढतो, शिवाय ते थेट मूर्तीवरही बसतात. सिलिकॉन बसलेल्या पृष्ठभागावर रंग धरत नाही, आणि शाडूवरून ते पुसूनही काढता येत नाही, कारण माती ते पिऊन टाकते. म्हणून मूर्ती गॅरेजमध्ये ठेवूच नयेत. कॉम्प्रेसर तिथे राहू द्यावा आणि हवा घरात आणावी. मिनिटाला १५ लिटरच्या प्रवाहाला १५-२० मीटर नळीत दाब म्हणण्यासारखा घटत नाही. याच्या उलट, कॉम्प्रेसर घरात आणून बारीक वायरच्या लांबलचक एक्स्टेन्शनवर चालवणे धोक्याचे आहे. संध्याकाळी व्होल्टेज आधीच उतरलेले असते, त्यात वायरची घट. मोटर ओढून सुरू होते, तापते आणि कपॅसिटर जातो. लांब करायची ती हवेची नळी, विजेची वायर नव्हे.

दाब जुळवण्याबाबत एक बारकावा सांगतो. गॅरेजच्या रेग्युलेटरवरचा काटा शून्य ते दहा-बारा किलोंचा असतो आणि दीड किलोच्या आसपास त्याच्यावर विसंबता येत नाही. शिवाय स्वस्त रेग्युलेटरचा एक स्वभाव असा की टाकीचा दाब ८ वरून ६ वर उतरला की पुढचा दाब थोडा वर चढतो. स्प्रे गनला ते जाणवत नाही. गालावर पातळ गुलाबी छटा देताना मात्र हात तोच असूनही रंग अचानक पसरतो. यावर उपाय म्हणजे दोन रेग्युलेटर एकामागे एक लावणे: पहिल्याने ३ किलोवर आणावे आणि दुसऱ्या, ४ किलोंच्या काट्याच्या लहान रेग्युलेटरने हवा तो दाब घ्यावा. दाब नेहमी ट्रिगर दाबून, हवा वाहत असताना जुळवावा. हवा बंद असताना २ किलो दाखवणारा काटा ट्रिगर दाबताच दीडवर येऊ शकतो, आणि कामाचा दाब तो दीडच.

शाडूवर पातळ ॲक्रिलिकने त्वचेचे शेडिंग, सोंडेच्या वळणातली सावली, कानाच्या आतला रंग यांसाठी १ ते दीड किलो पुरतो. रंग त्या दाबाला फुटून येत नसेल तर दाब चढवण्याऐवजी रंग आणखी पातळ करावा. पितांबराच्या लस्टर (चकाकी देणाऱ्या) रंगाला दोन-अडीच किलो लागतात, पण लस्टरचे कण ०.३ च्या नोझलमध्ये अडकतात, त्यासाठी ०.५ मिमीचा स्वस्त ब्रश वेगळा ठेवावा आणि आपला चांगला ब्रश त्यात खराब करू नये. डोळ्यांची आखणी हाताच्या ब्रशनेच करावी हे आपल्याला सांगायला नकोच.

जोडणीची अडचण किरकोळ आहे. कॉम्प्रेसरकडे पाव इंची आटे असतात, बहुतेक एअरब्रशच्या नळीला एक-अष्टमांश इंची. मधला रिड्युसर न्यूमॅटिक फिटिंगच्या दुकानात मिळतो, बेळगावात उद्यमबागेच्या बाजूला पाहावा. टेफ्लॉन टेप लावताना पहिला आटा मोकळा सोडावा, नाहीतर टेपचा तुकडा सुटून नोझलमध्ये जातो. सगळे जोडल्यावर साबणाचा फेस लावून गळती पाहावी. बारीकशी गळतीही मोटरला विनाकारण पुन्हापुन्हा चालू करते, म्हणजे टाकी पुन्हा गरम आणि पाणी पुन्हा सुरू.

छोटा कॉम्प्रेसर कोणी घ्यावा, तेही सांगतो. ज्यांना बेळगावातल्या शहापूरसारख्या दाट वस्तीत, खोलीच्या शेजारी झोपलेली मुले असताना रात्री उशिरा काम करायचे आहे, त्यांनी जरूर घ्यावा. गॅरेजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की सगळी गल्ली जागी होते. तो घेताना मात्र निदान तीन लिटरची टाकी असलेला घ्यावा. बिनटाकीच्या यंत्राची हवा पिस्टनच्या ठोक्याबरोबर हलते, आणि सलग चालल्याने यंत्र तापून पावसाळ्यात तेच थेंब पुन्हा सुरू होतात. आपल्याला रात्री काम करणे भाग पडले, तर संध्याकाळीच टाकी भरून ठेवावी आणि चाळीस मिनिटांत संपेल एवढेच शेडिंग हाती घ्यावे.

टाकीची स्थिती एकदा तपासून घ्यावी. तांबूस पाणी बरेच दिवस येत असेल तर तळाचा पत्रा पातळ झालेला असू शकतो. पाणी भरून दाब देण्याची हायड्रो टेस्ट करून घ्यावी, आणि तळाला वेल्डिंगचे ठिगळ लावून तीच टाकी वापरण्याचा सल्ला कोणी दिला तरी मानू नये. सेफ्टी व्हॉल्व्हची कडी महिन्यातून एकदा ओढून तो मोकळा आहे ना हे पाहावे. रंगकाम करताना नाकाला बांधलेला रुमाल ॲक्रिलिकचे बारीक कण अडवत नाही. कणांसाठी एन-९५ लावावा, आणि थिनरचा रंग वापरणार असाल तर वाफ शोषणाऱ्या काडतुसांचा मास्क लावून खिडकी उघडी ठेवावी. पाऊस आत येतो म्हणून ती बंद करून थिनरचे काम करू नये. तेवढा दिवस पाण्याच्या रंगाचे काम करावे.

एवढे सगळे एकदम करू नका. आधी फिल्टरची जागा बदला, पाणी सोडा आणि दोन-तीन दिवस कागदावर हवा मारून पाहा. पाण्याचा डाग थांबला आणि तेलाचा राहिला, तर पंपातले तेल बदलून पुन्हा पाहा, आणि त्यानंतरही ठिपका दिसला तरच कोअलेसिंग फिल्टरवर पैसे घाला.